दुसरा वाचणारा

"म्हणजे मी एकटा पुरत नाही?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही पुरता हो, लिप्या तपासणाऱ्या समितीला पुरत नाही," ती म्हणाली. "एकानं लिहायचं आणि घरातल्याच दुसऱ्या कुणीतरी, लिहिणाऱ्याला न विचारता, वाचून दाखवायचं. तरच लिपी जिवंत धरतात आणि फोनात घालतात. नाहीतर ती जुन्या वस्तूंच्या कपाटात जाते."

जगातल्या लिप्यांची नोंद ठेवणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती काम करायची. आजोबांच्या घराण्याची लिपी बाहेर कुणाला ठाऊकच नव्हती. वडिलांनी ती त्यांना आणि त्यांच्या भावांना शिकवली होती; भाऊ गेले आणि मुलांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर्षभर ती या जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक अक्षर उतरवून घेत होती. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हात कुठे उचलायचा. आजोबा तापट होते, रेघ वाकडी गेली की तिच्या हातातलं पेनच काढून घ्यायचे. पण आपल्यामागे ही अक्षरं राहावीत, एवढी एकच इच्छा त्या हट्टी म्हाताऱ्याला उरली होती, आणि ते बघून तिला गलबलून यायचं.

"मग तूच वाच की. येतं तुला आता."

"मी कशी चालेन? आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं होईल."

आजोबा हसले. "अगं, मग काळजी कसली? आमची ही आहे ना. लग्न झाल्या झाल्या मीच शिकवली तिला. मी पहाटे पाण्याच्या पंपावर कामाला जायचो, ही झोपलेली असायची. ओट्यावर चिठ्ठी ठेवून निघायचो. चिठ्ठीतलं काम झालं नाही असा एक दिवस गेला नाही."

"मला हल्ली नीट दिसत नाही," स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला. "दुसरं कुणी बघा."

"सुईत दोरा ओवताना बरं दिसतं," आजोबा म्हणाले.

नियमाप्रमाणे मधलं दार लोटून घेतलं. आजोबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. तिनं त्या मनातल्या मनात वाचल्या आणि कागद घेऊन आत गेली. इथे बिनसलं तर सगळं मुसळ केरात, आणि बाहेर बसलेल्या माणसाला ते सांगायचं कोणत्या तोंडानं?

आजी भांडी घासत होत्या.

"हात ओले आहेत गं, तूच धर."

त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. तिला वाटलं, संपलं. मग आजी किंचित हसल्या.

"खिडकी लावून घे, गार वारा येतो," त्या म्हणाल्या. "आणि माझी वाट बघत बसू नकोस, जेवून घे."

शब्दन् शब्द बरोबर. तिचा जीव भांड्यात पडला.

"दुसरं काय लिहिणार हा माणूस, घराबाहेर पडताना रोज तेच तर सांगतो," आजी पुटपुटल्या आणि त्यांनी नळ सोडला.

बाहेर येऊन तिनं सांगितलं तेव्हा आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग घसा खाकरून म्हणाले, "मी सांगत होतो तुला. उगाच घाबरवतेस म्हाताऱ्या माणसाला."

तिनं सामान आवरलं, निरोप घेतला. एक जिना उतरली असेल नसेल तोच मागून चपलांचा आवाज आला. फडक्याला हात पुसत आजी खाली येत होत्या.

"काही राहिलं का माझं, आजी?"

आजींनी वर दाराकडे एकदा बघून घेतलं आणि तिचा हात धरला.

"तुला येतात ना गं ती सगळी अक्षरं? मला शिकव. अगदी पहिल्या अक्षरापासून. पण ह्यांना कळू देऊ नकोस."