वाऱ्यातला कोयता

उमापूरच्या फाट्यावरून पहिली फेरी गेली तेव्हा रुक्मिणीबाईंना आपली पोरगी ओळखूच आली नाही. हेल्मेट, काळा चष्मा, आणि सगळ्या जणी सायकलवर अशा वाकलेल्या की तोंड दिसेल तर शपथ. शेजारी उभ्या असलेल्या, वर्षाराणीची सायकल दुरुस्त करणाऱ्या शफी मिस्त्रींनी बोट दाखवलं.

"ती काय भाभी, पिवळं हेल्मेट! सगळ्यात फुडं!"

माजी सरपंच सुंदररावांनी लगेच फटाक्यांची माळ लावली. गावची पोरगी गावच्याच रस्त्यावर पहिली म्हटल्यावर ते कसला दम धरतात!

रुक्मिणीबाई मात्र टाळ्या वाजवायला आल्या नव्हत्या, बघायला आल्या होत्या. उन्हाळाभर वर्षाराणी शर्यतींच्या मागे होती. सातारा झालं, नाशिक झालं, जालना झालं. आजची धरून आठवी शर्यत. घरी यायची ती कपडे धुवायला आणि पुन्हा बॅग भरायला. कप मात्र एकही आणला नाही. इकडे शिरूर कासारचं स्थळ दारात येऊन बसलेलं. मुलगा ऊसतोडीला जाणारा. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. म्हणून पाहुण्यांना दिवाळीच्या आत सून हवी होती.

"तू डोळ्यानं बघून ये," नवरा सकाळी म्हणाला होता. "पोरीत काय आसंल तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर आजच पाव्हण्यांना होकार कळवतो."

दुसऱ्या फेरीलाही वर्षाराणीच पुढे. तिसऱ्या फेरीलाही. सुंदररावांच्या माळा संपत आल्या. रुक्मिणीबाईंना मात्र भलतंच काहीतरी दिसलं होतं.

"मिस्त्री, ती लाल हेल्मेटवाली वर्षीच्या मागं कावून चिकटलीय? एवढा मोठा रस्ता पडलाय की."

"ती प्रियदर्शनी. दोघी एकाच टीमच्या हायेत."

चौथ्या फेरीला रुक्मिणीबाई रस्त्याच्या पार कडेला जाऊन उभ्या राहिल्या. वर्षाराणीचं तोंड उघडं होतं, ओठ पांढरे पडले होते, मानेवर घामाचं मीठ. मागची लाल पोरगी तोंड मिटून नाकाने श्वास घेत होती. ओझं कुणाच्या डोक्यावर आहे हे रुक्मिणीबाईंना कुणी सांगावं लागत नाही.

पाचवी फेरी शेवटची. रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली. रेघ शंभर पावलांवर आली आणि वर्षाराणी अचानक डावीकडे सरकली, पाय मारायची थांबली. मागची लाल पोरगी सुसाट सुटली आणि रेघेवरून पहिली गेली. वर्षाराणीच्या बाजूने एकेक पोरगी पुढे निघून गेली. ती नववी आली.

सुंदररावांच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली होती.

"दगा झाला बे!" ते ओरडले. "आमच्या पोरीला दाबलं!"

"दगा न्हाई, साहेब," शफी म्हणाले. "ठरलेलं असतंय. फुडची वारा कापती. मागचीला वारा लागत न्हाई, तिचा दम ऱ्हातो. शेवटाला मागचीनं निघायचं. सगळ्या उन्हाळ्यात हीच फुडं हुती."

लाउडस्पीकरवर एकच नाव पुकारलं गेलं. प्रियदर्शनी.

"मंजी ह्यो कोयताच झाला की," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या.

वीस हंगाम त्यांनी नवऱ्यामागे मोळ्या बांधल्या होत्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या होत्या. हाक मात्र नवऱ्याच्या नावानेच यायची. त्यांना लेकीचा राग आला. इतकं शिकून, इतकं फिरून हिने हेच काम धरलं?

दोघी पोरी लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या. रुक्मिणीबाई तरातरा जाऊन समोर उभ्या राहिल्या.

"येवढं एकच सांगा मला. हे कधी उलटं बी होतं का?"

वर्षाराणीच्या तोंडात पाणी होतं. प्रियदर्शनीच बोलली.

"होतं ना, काकू. पुढच्या रविवारी घाटाची शर्यत आहे. चढाला वर्षा माझ्यापेक्षा भारी आहे. तेव्हा वारा मी कापणार आणि शेवटी वर्षा सुटणार."

"अन् तू मागं ऱ्हाशील? नववी?"

"विसावी आले तरी चालतंय."

रुक्मिणीबाई त्या पोरीकडे बघतच राहिल्या. असंही असू शकतं, हे वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना लेकीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याचंच बरं वाटलं.

"आदी कावून सांगितलं न्हाईस गं?"

"सांगितलं हुतं, माय," वर्षाराणी म्हणाली. "तुमी कप कुठंय म्हनलात."

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"कितवी आली?"

"नववी."

"मग? कळवू का होकार?"

"नगा. पोरगी आदीच एका कोयत्यात हाय म्हणावं."

"काय बोलतीस तू? कुणाच्या कोयत्यात?"

रुक्मिणीबाईंनी लाल हेल्मेटकडे बघितलं.

"तुमाला न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या. "फुडल्या ऐतवारी तिची मोळी दुसरी उचलणार हाय."