वेगळी जात

उंबरं खाणाऱ्या कुटुर्गा पक्ष्याच्या गळ्यावरच्या तांबड्या ठिपक्यावरून पोंक्षे सरांनी तीस वर्षांपूर्वी नवी जात जाहीर केली होती. संग्रहालयातल्या त्या मेलेल्या पक्ष्याच्या पायाला सरांच्याच अक्षरात नव्या जातीचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती. आज त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा त्या पक्ष्याच्या डीएनएचा अहवाल घेऊन तिथे आली.

"जात वेगळी नाही, सर. रक्त एकच आहे."

"नीट तपासलंस?" सरांनी अहवाल हातात घेतला.

"तीनदा. तुमच्या सारंगशी लग्नाचं विचारायला मी घरी आले, तेव्हा तुम्ही चहाही संपू दिला नव्हता. पोरगी हुशार आहे, म्हणालात, पण जात वेगळी."

त्या दिवसापासून सारंग बापाशी बोलला नव्हता.

प्रज्ञाने पेन पुढे केलं. "चिठ्ठीवरची जात तुम्हीच खोडा, सर. जातीतलं तुम्हालाच कळतं."