चिंचोक्याचं मत

ट्रक वाडीत शिरला तेव्हा मतदान चालू होतं.

सारवलेल्या अंगणात पानांचे चार द्रोण मांडले होते. आंब्याच्या बुंध्याला टेकवलेल्या फळ्यावर टिपणीस गुरुजींनी चार नावं लिहिली होती. डग्लस, टबमन, वॉशिंग्टन, ड्युबॉइस. वर प्रश्न होता, 'सर्वांत मोठं कोण?' प्रत्येक पोराच्या मुठीत एकेक चिंचोका होता.

गुरुजी पनवेलच्या शाळेतून निवृत्त झालेले. पावसाळाभर ते सायकल दामटत या कातकरीवाडीत यायचे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या आणि त्यांच्यातून उठलेल्या या चार पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगत अक्षरं शिकवायचे. दिवाळी सरली की सारी वाडी वीटभट्टीवर जायची. त्या विटांच्या इमारती खाली नव्या पनवेलात उठत होत्या, टेकडीवरून दिसायच्या. पोरं परत यायची तोवर अक्षरं विरलेली असायची. दरसाल पुन्हा 'ग'पासून सुरुवात. यंदा मात्र शिवाची पोरगी चिंधी वाचायला लागली होती. अडखळत, ओळीवर बोट ठेवून, पण स्वतःचं स्वतः. ती आज या ट्रकमध्ये चढली, तर तेही मातीत जाणार होतं. आणि पुढच्या पावसाळ्यात सायकल मारायला आपले गुडघे उरतील का, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं.

"माझं वॉशिंग्टनला!" बाळ्या ओरडला. "त्यानं शाळेच्या इटा पोरांकडूनच पाडून घेतल्या."

"तीन भट्ट्या फुकट गेल्या त्याच्या," चिंधी म्हणाली.

"चौथी लागली ना? माझ्या आज्याला बोलावला असता, तर पयलीच लागली असती."

पोरं खिदळली. गुरुजींचं लक्ष ट्रककडे होतं.

डग्लसचा द्रोण भरत आला होता. भुकेल्या पोरांना आपला पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकणारा माणूस पोरांना फार आवडे. ड्युबॉइसचा द्रोण रिकामा होता. नुसत्या कारागिरीवर समाधान मानू नका, मोठं शिक्षण घ्या, पुरे हक्क मागा, असं तो लिहीत राहिला, सांगत राहिला. गुरुजींना मनातून तोच सर्वांत थोर वाटे. पण पोरांनी त्याचा निकाल केव्हाच लावला होता. "तो निस्ता बोलतो, गुरुजी."

चिंधीची मूठ अजून मिटलेलीच होती.

"चिंधे, चल. भांडी चढव," डोक्यावर बोचकं घेतलेला शिवा म्हणाला.

गुरुजी उठले. "शिवा, हिला माझ्याकडे ठेव. माझ्या नातींबरोबर राहील, शाळेत जाईल."

"तुमचं खरं हाय, गुरुजी. पन कच्च्या इटा सुकायला कोन उलटनार? आमी दोगं चिखलात. त्याला ल्हान हातच लागतात."

भट्टीच्या मुकादमाने ट्रकमधून मान बाहेर काढली. "मास्तर, शाळा पावसात भरवा की! तवा आमची भट्टी बंद, तुमची चालू."

गुरुजींनी उभ्या जन्मात कुणापुढे हात जोडले नव्हते. आज जोडले. "ही एवढी एक पोर राहू दे."

मुकादमाने हॉर्न दाबला.

चिंधी रडली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, ती हॅरिएट टबमनबाय गुलामीतनं सुटली, तरी मागारी यायची ना? बाकीच्यांना न्यायला?"

"हो. पुन्हा पुन्हा यायची."

"रातची. ध्रुवाचा तारा बगून."

"हो गं."

"तो तारा भट्टीवरनं दिसतो. मी झोपनार नाय. ती कवा येल?"

पावसाळाभर गुरुजींनी गोष्टी रंगवून सांगितल्या, जणू सारं पलीकडच्या डोंगरात चाललंय. कधीचं, ते सांगायचंच राहिलं. पोरांनी चौघांनाही जिवंत धरलं होतं. आता एक खोटं बोललं असतं तर पोर हसत ट्रकमध्ये चढली असती. पण मुलांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ती वारली, बाळ. ऐंशी वर्षं होत आली."

बाळ्याने द्रोणांकडे पाहिलं. "चारीबी?"

"चौघंही."

चिंधीने मूठ उघडून चिंचोक्याकडे पाहिलं.

"मंग आता कोन येतं?"

तिने चिंचोका एकाही द्रोणात टाकला नाही. तो गुरुजींच्या तळहातावर ठेवला आणि भांडी उचलून ती चालू लागली.

आपला चिंचोका गुरुजी दरवेळी शेवटी टाकत, ड्युबॉइसच्या द्रोणात. आज ते हातातल्या त्या एका चिंचोक्याकडे बघत राहिले. पोरीने तो परत केला, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांना कळलं, की तिने मत दिलं होतं.

ट्रक धुरळा उडवत हलला. गुरुजींनी फळा उचलला. बाहीने वरचा प्रश्न पुसला, नावं राहू दिली, आणि ते धावले. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

मुकादमाने ट्रक थांबवायला लावला. "मास्तर, डोकं फिरलं काय? तुमी तिथं काय करनार?"

गुरुजींना धाप लागली होती. त्यांनी फळा वर शिवाच्या हातात दिला.

"हिच्या वाट्याच्या विटा उलटीन," ते म्हणाले. "तेवढा वेळ ही वाचेल."