शिंपडलेला पाला

कणगीचं तोंड उघडलं तसा आंबूस वास अंगणभर पसरला. माणिकरावांनी आत हात घातला आणि ज्वारीचं एक ढेकूळ बाहेर काढलं. बुरशीनं काळं पडलेलं. त्याला कडुलिंबाची दोन पानं चिकटली होती.

"बायना, हा तुझा पाला!" त्यांनी ढेकूळ तिच्या पायाशी टाकलं. "किडीसाठी भरला, आन् ह्यानंच ज्वारी नासली."

बायनाबाई अंगणाच्या कडेला, तिला नेमून दिलेल्या जागी, डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. पावसाच्या आधी जुना पाला काढून नवा घालायचा, म्हणून ती आली होती. सटवाजी गडी काम सोडून गेल्यावर हे काम यंदा पहिल्यांदा तिच्याकडं आलं होतं. या कामाचे चार पायली दाणे तिला आज मिळायचे होते. घरी दाण्याच्या मडक्याचा काल रात्रीच तळ लागला होता.

तिनं वाकून एक पान सोडवलं, बोटात दुमडलं.

"आठ दिस सावलीत वाळवला व्हता, मालक. मुठीत धरला की चुरा व्हायचा. हे बघा, वाकायलंय." मग ती दाराकडं बघून म्हणाली, "बाईंनी तांब्याभर पाणी शिंपडलं. मी तवाच म्हणले, वल धरंल."

"मग काय, तुझ्या हातचा पाला तसाच दाण्यात घालू?" पार्वतीबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

"दाणे कुणाच्या हातचे हैत, बाई? कापले मी, खळ्यावर मळले बी मी. त्याच्यावर न्हाई मारलं पाणी?"

"वाळल्या दाण्याला इटाळ नसतो."

"पाला बी वाळलेलाच व्हता."

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. माणिकराव कणगीत वाकून बघू लागले. काठावर दोन-चार सोंडे किडे चढून आले होते, ते त्यांनी टिचकीनं उडवले.

"जाऊ द्या आता," ते म्हणाले. "वरचीच खराब हाय, खालची चांगली निघंल. बायना, तुझ्या चार पायल्या ह्या वरच्यातून घे. निवडून घेतली की चालती. आन् नवा पाला ठेव तिथं."

बायनाबाईनं गाठोडं खाली ठेवलं. आतली पानं करकरली.

पार्वतीबाई आत वळल्या. माठाजवळ तांब्या वाजला.