उणे बारा

टॅकोग्राफ बिघडलाय, अशी हणमंत शेवाळ्यांची तक्रार होती. ट्रकमधलं हे यंत्र चालकाच्या नाडीवरून आणि पापण्यांवरून थकवा मोजायचं आणि आकडा साठवर गेला की गाडी कडेला घेऊन उभी करायचं. गेले आठ महिने ते रोज सकाळी उणे बारा दाखवत होतं.

कराडच्या तपासणी केंद्रात फरजाना मुलाणीने ट्रकमध्ये चढून यंत्र उघडून पाहिलं. त्यात काहीच दोष नव्हता.

"काका, दोन वर्षांपूर्वी कॅलिब्रेशनला, यंत्राचं शून्य लावून घ्यायला, रात्रभर जागून आला होता ना?" तिने विचारलं. बरेच ड्रायव्हर तसंच करत. यंत्र त्या थकव्यालाच शून्य धरायचं आणि मग गाडी उशिरा थांबायची.

"नाही ताई. मुदत संपत होती, म्हणून बायकोचं तेरावं उरकून तसाच आलो होतो."

फरजानाने यंत्राचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे यंत्र बरोबर आहे. त्या दिवसापेक्षा तुम्ही बरे आहात, एवढंच ते सांगतंय."

शेवाळे आकड्याकडे बघत राहिले. इंदूशिवाय आपण बरे असू शकतो, हे त्यांना कबूल करवत नव्हतं.

"नवं शून्य लावलं तर गाडी लवकर थांबेल," ती म्हणाली. "पण जुन्यावर तुम्ही पेंगलात तरी ती थांबायची नाही."

"इंदूपण हेच म्हणायची. जेवल्यावर दोन तास पडा म्हणून मागे लागायची."

ते सीटला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"लावा ताई. आज मी झोपून आलोय."