गायी सुटल्यात

गांजाला बंदी होती तेव्हा आमच्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, चोरून लावलेल्या पिकाच्या ऐन कापणीत पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं की घरोघर एकच फोन फिरायचा, "गायी सुटल्यात." गाय कुणाकडेच नव्हती. मग सगळे एका घरी जमायचे, आणि हेलिकॉप्टर गेलं तरी जेवल्याशिवाय उठायचे नाहीत.

काल शेजारच्या व्हर्नाचा तोच फोन आला. जुनी सवय, मी तसाच धावलो. पाहतो तर आभाळ मोकळं, आणि ही पडवीत दोन वाडग्यांत भोपळ्याचं सूप वाढतेय.

"अगं, आता परवाने आहेत आपल्याकडे. हेलिकॉप्टर कशाला येईल?"

"ठाऊक आहे मला," व्हर्ना म्हणाली. "ते यायचं बंद झालं, तसा तूही यायचा बंद झालास."