ताटावरची प्रार्थना

भाकरीवरची वाफ कधीच विरली होती, तरी सासूबाई आमेनपर्यंत पोचल्या नव्हत्या. संध्याकाळच्या बातम्यांत जे जे कोसळलं, बुडालं, जळालं, ते सगळं त्या जेवणाआधी प्रभूपुढे मांडायच्या. देशांची नावं जिभेला वळत नसत. मग “तुला ठाऊक आहे, बापा,” म्हणून पुढे सरकायच्या. काल पूर आणि त्यात झाडावर अडकलेल्या बायका, आज भूकंप.

आज मात्र एस्तेरचा संयम सुटला. नवऱ्याची नोकरी गेलेली, आणि त्याच्या आईच्या तोंडी कुठला तरी भूकंप! तिने तांब्या आपटला.

“आई, सगळ्या जगाचं मागता. पोटच्या पोराचं कधी मागणार?”

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. “त्याच्यासाठी मागायला तू आहेस, मी आहे. ते गाव अख्खं ढिगाऱ्याखाली गेलंय. तिथं मागायला कोण उरलंय?”

तांब्यातून सांडलेलं पाणी नवऱ्याने पुसलं. एस्तेरने कालवणावर झाकण ठेवलं, डोक्यावर पदर ओढला आणि डोळे मिटले.

“मग नीट मागा तरी,” ती फणकारली. “कालच्या पुरातल्या बायकांचं आज मागायचं राहिलंय. अजून झाडावरच बसल्यात त्या!”